जालन्याचे बारवाले शेठ

बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म १९३० चा, हिंगोलीचा. भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली, म्हणजे आपली महिको. १९९८ ला जागतिक अन्न पुरस्कार, २००१ ला पद्मभूषण, २०१७ मध्ये गेले. एवढं कुठंही वाचायला मिळतं. मला सांगायचंय ते सीड प्लॉटचं, म्हणजे बियाणं तयार करायच्या रानाचं, कारण आमची माय तिथं रोजानं जायची.

संकरित कपाशीचं बी कारखान्यात होत नाही, बायांच्या नखात होतं. उद्या फुलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसराची नळी सोलून काढायची, पण आतली काडी मोडू द्यायची नाही. मोडली की बोंड गेलं. सकाळी नराच्या ओळीतलं फूल तोडून त्या काडीवर पराग घासायचा अन् देठाला दोरा बांधायचा. बिनदोऱ्याचं बोंड बियाण्यात चालत नाही. सकाळीच पाऊस आला तर पराग भिजायचा आणि मालकापासून मजुरापर्यंत सगळ्यांचं तोंड उतरायचं.

शेठचं डोकं दिसतं ते इथं. मूळ बी कंपनीचं, रान शेतकऱ्याचं, देखरेख कंपनीच्या माणसाची आणि तयार माल ठरल्या भावानं परत कंपनीकडं. कोरडवाहू जालन्याचं नाव देशभरातल्या बियाण्याच्या बाजारात झालं ते या जुळणीवर. माय मात्र पुरस्काराची बातमी ऐकून म्हणाली होती, "आमच्या नखाचा बी फोटू काढा म्हणावं."

दानधर्माचं म्हणाल तर जालन्यातलं श्री गणपती नेत्रालय त्यांनी उभं केलं. आजीचा मोतीबिंदू तिथंच काढला. घरी आल्या आल्या तिनं सुनेनं निवडलेले तांदूळ परत निवडायला घेतले. घरात दोन दिवस अबोला!

आता बीटीचं. मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीशी हात मिळवून महिकोनं आणलेल्या बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक झाडात घातलेला, त्यामुळं पान-बोंड खाल्लं की बोंडअळी मरायची. सुरुवातीला पाकीट सोळाशेच्या आसपास होतं, ते २००६ मध्ये सरकारी दट्ट्यानं साडेसातशेवर आलं. एवढ्या फरकानं खाली येऊ शकणारा भाव आधी तेवढा का होता, हा प्रश्न शेठबद्दल आदर असूनही मला पडतोच. त्यांच्याच कंपनीच्या बीटी वांग्याला आपल्याकडं २०१० मध्ये स्थगिती मिळाली, बांगलादेशानं मात्र २०१३ मध्ये ते घेतलं.

२०१७ ला गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्याची कपाशी पोखरली तेव्हा पारावर सगळा दोष बियाण्यावर गेला. निम्मा मला पटतो. पण बीटी पचवणाऱ्या अळ्यांचीच पैदास होऊ नये म्हणून कडेनं लावायला पाकिटाबरोबर साध्या कपाशीची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती लावलेली मी तरी आमच्या शिवारात पाहिली नाही. कडेच्या ओळींचं उत्पन्न कोण सोडणार?