लोकाटची बी लावली तर येईल का? तुम्ही विचारलंत म्हणून

चारधामला निघालेली आमची नातलग मंडळी देहरादूनला आमच्याकडे एक रात्र मुक्काम करतात. अक्षय्य तृतीयेला गंगोत्री-यमुनोत्रीची दारं उघडतात आणि त्याच सुमारास आमच्या लोकाटची शेवटची फळं झाडावर असतात. पुण्या-नागपूरच्या बऱ्याच जणांनी हे फळ आधी कधी चाखलेलं नसतं. मी ओसरीवर परात भरून ठेवते. साल बोटानेच सुटते, आत नारिंगी, आंबटगोड, पाणीदार गर, आणि मधोमध तीन-चार बिया. तपकिरी, गुळगुळीत, चिंचोक्याहून मोठ्या आणि इतक्या चकचकीत की फेकवत नाहीत. मग एखादी मावशी त्या रुमालात बांधता बांधता विचारते, "लावल्या तर येईल का गं?"

गेली पंचवीसेक वर्षं हा प्रश्न दर वैशाखात ऐकते आहे. गाडी दारात उभी असताना उत्तर अर्धंच देता येतं. म्हणून आज सवडीने पूर्ण देते.

येईल. बी ताजी असेल तर हमखास येईल. पण मावशी, ती रुमालात नेऊ नका. लोकाटची बी वाळली की मरते. गहू-हरभऱ्यासारखी ती डब्यात टिकत नाही, तिची जात आंब्याच्या कोयीची. दहा-बारा दिवसांची यात्रा करून तुम्ही घरी पोचेपर्यंत ती सुरकुतलेली असते. गर धुऊन काढायचा, बी ओलसर फडक्यात गुंडाळायची, आणि पोचल्याच्या दिवशी कुंडीत बोटाच्या एका पेराएवढी खोल पुरायची. महिन्याभरात कोंब वर येतो. आणि लहान मुलांना बी चघळायला देऊ नका. कडू बदामात जे विषारी द्रव्य असतं तेच हिच्यात आहे. एखादी अख्खी गिळली गेली तर घाबरायचं कारण नाही, पण चावून खायची ही वस्तू नव्हे.

एवढं सांगून थांबले तर ते अर्धंच उत्तर, कारण बीतून येणारं झाड परातीतल्या ह्या फळाचं असेलच असं नाही. मी स्वतः ते नऊ वर्षं वाट पाहून शिकले.

ह्या घरात राहायला आलो त्या वर्षी शेजारच्या बंगल्यातून आलेल्या लोकाटची एक बी मी मागच्या परसात लावली. फळ अप्रतिम होतं. रोप आलं, पहिल्या वर्षी गुडघ्याएवढं, तिसऱ्या वर्षी माझ्या उंचीचं. पानं बघत राहावीत अशी: लांब, जाड, वरून गडद हिरवी, शिरांच्या रेघा कोरल्यासारख्या, आणि पाठीमागे तपकिरी मऊ लव. नवव्या वर्षी पहिल्यांदा फळ आलं. बोराएवढं. आत तीन बिया आणि त्यांच्याभोवती चिकटलेला आंबट पापुद्रा. मी एकामागून एक चार फळं सोलून पाहिली, पाचवं कदाचित वेगळं निघेल म्हणून. नाही निघालं.

लोकाट हे सफरचंद-नासपतीच्या कुळातलं झाड आहे आणि ह्या कुळाची रीतच अशी आहे. बी म्हणजे आईचं अर्धं आणि कुठल्या तरी परागाचं अर्धं. जे हवं तेच पुन्हा हवं असेल तर कलमच लागतं. कलमाला तीन-चार वर्षांत फळ येतं, बीच्या झाडाला सहा ते दहा.

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माळीबाबांनी मला भेट कलम शिकवलं. बीतून वाढवलेलं वर्षाचं रोप कुंडीसकट उचलून चांगल्या झाडाच्या फांदीशेजारी नेऊन बांधायचं. दोन्हींची जाडी सारखी, पेन्सिलीएवढी. आषाढात पाऊस धरला की एका सकाळी धारदार चाकूने रोपाच्या खोडाची आणि फांदीची बोटभर साल, आतल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यासकट, समोरासमोर काढायची. माळीबाबा चाकू आधी पुसून घेत आणि एकाच ओढीत काप घेत. दुसऱ्यांदा चाकू लावला की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मधे हवा राहते. मग दोन ओल्या जखमा एकमेकींवर दाबून सुतळी आवळायची, इतकी की कुठे फट दिसता कामा नये. दोन-अडीच महिने कुंडीला पाणी देत राहायचं. दसऱ्याच्या सुमारास सांध्यावर गाठ फुगलेली दिसते. मग वरून रोपाचा शेंडा कापायचा, खालून फांदी कापायची. मुळं तुमच्या रोपाची, डोकं त्या झाडाचं. मी बांधलेलं पहिलं कलम सुटलं त्या दिवशी ती कुंडी मी रात्री घरात आणून ठेवली होती.

म्हणजे बी लावू नये का? तसं मी मुळीच म्हणणार नाही, आणि ह्याला कारण जपानची एक गोष्ट. लोकाट मूळचं चीनचं, पण जपानने ते हजारभर वर्षं जिवापाड जपलं. तिथल्या दोन नामांकित जाती आहेत, मोगी आणि तानाका. 1830-40च्या दशकात नागासाकीत कामाला असलेल्या शिओ मिउरा नावाच्या बाईला चिनी लोकाटच्या बिया मिळाल्या. तिने त्या मोगी गावी आपल्या घराच्या परसात लावल्या, आणि त्या झाडाने गावाचं नाव देशभर नेलं. पुढे 1879मध्ये योशिओ तानाका ह्या अभ्यासकाने नागासाकीत एक भलंमोठं लोकाट खाल्लं, बिया टोकियोला नेल्या आणि घरी लावल्या. त्यातल्या एका रोपाला त्याचं नाव मिळालं. ती जात आपल्या उत्तर भारतातल्या बागांतही आली. मावशी रुमालात बिया बांधतात तेव्हा मला दर वेळी ही दोन माणसं आठवतात. बी लावावी, मनापासून लावावी. आणि चांगलं फळ नाही आलं तर त्याच झाडाला खुंट, म्हणजे कलमाचा मुळांकडचा भाग, समजून वर चांगल्या जातीची काडी बांधावी. माझ्या नऊ वर्षांच्या झाडाचं मी तेच केलं. आज त्याच्या तीन फांद्यांवर दोन वेगवेगळ्या जाती आहेत.

दोन जाती मुद्दाम. लोकाटच्या पुष्कळ जातींना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, निदान भरपूर धरत नाही. आमच्याकडच्या 'गोल्डन यलो'चं तसंच आहे. तिच्या सोबतीला मी 'कॅलिफोर्निया अॅडव्हान्स'ची काडी बांधली आणि पुढच्याच मोसमात फरक दिसला. तुमचं एकटं झाड दरवर्षी फुलून फुकट जात असेल तर खत वाढवण्याआधी त्याला जोडीदार बघा.

आता ज्यावर माझा सगळ्यात जीव आहे ते सांगते. ह्या झाडाचं वर्ष आपल्या इतर झाडांच्या उलटं चालतं. आंबा, लिची थंडीत गप्प असतात तेव्हा लोकाट फुलतं. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत फांद्यांच्या टोकांना लव असलेले तपकिरी तुरे येतात, त्यांतून लहान पांढरी फुलं उमलतात. वास गोड, जरासा बदामाचा. नोव्हेंबरातल्या दुपारी परसात दुसरं काही फुललेलं नसतं आणि ह्या एका झाडावर मधमाश्यांचा गुंजारव चाललेला असतो. मग सगळी थंडी फळ हळूहळू भरतं आणि मार्च-एप्रिलमध्ये, बाजारात इथलं दुसरं ताजं फळ फारसं नसताना, पिकतं.

म्हणून त्याची निगाही उलटी. फुलं येतात ती त्या वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकाला. एके वर्षी ऑक्टोबरात गुलाबांची छाटणी चालली होती, तेव्हा कामाला आलेल्या माणसाने लोकाटही छान गोल करून दिलं. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही एकही फळ खाल्लं नाही. छाटणी फळं उतरल्याबरोबर, मे महिन्यात करायची: आत गर्दी करणाऱ्या फांद्या, वाळकं, आणि हाताला न पोचणारा शेंडा. शेणखताची पाटी तेव्हा एकदा आणि फुलं यायच्या आधी भाद्रपदात एकदा. जानेवारीपासून फळ उतरेपर्यंत पाणी तोडायचं नाही. आपण थंडीत झाडांना पाणी कमी करतो, पण ह्या झाडाचं बाळंतपण नेमकं तेव्हाच असतं. पावसाळ्यात मात्र आळ्यात पाणी साचता कामा नये. देहरादूनचा पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणून मी झाडं उंचवट्यावरच लावली आहेत. मुळं वरवर असतात, खुरप्यानेही खोल जाऊ नका, नुसतं पाल्याचं आच्छादन घाला.

आणि विरळणी. "तुमची फळं एवढी मोठी कशी?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. एका तुऱ्यात तीसपासून शंभरपर्यंत फुलं असतात, त्यांतली दहा-पंधरा सहज धरतात. शेंगदाण्याएवढी झाली की कात्रीने चार-पाच ठेवून बाकीची काढायची. पहिल्या वर्षी माझा हात चालेना. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते कापायचं कसं? म्हणून अर्ध्या झाडाची विरळणी केली, अर्धं तसंच ठेवलं. एप्रिलमध्ये एका बाजूला बोरं होती आणि दुसऱ्या बाजूला लिंबं. फळं वेगवेगळी, झाड तेच, मुळं तीच. शिवाय सगळं ओझं पेललेलं झाड पुढच्या वर्षी रुसतं. आता दर फेब्रुवारीत मी स्टुलावर उभी राहते, तुऱ्यावरची लव बोटांना लागते, हिरवी फळं टोपलीत टपटप पडतात, आणि प्रत्येक तुऱ्याशी थांबून कुणाला ठेवायचं ते ठरवते. डाग नसलेलं, जाड देठाचं, पानाच्या सावलीतलं. मग त्या घोसावर कागदाची किंवा जुन्या मलमलीची पिशवी बांधते. जपानीही असंच घोस न् घोस बांधतात. बुलबुल आणि पोपटांना वरच्या फांद्या पिशवीविना सोडलेल्या असतात.

कीड फारशी नाही. खोडावर लाकडाच्या भुशाची आणि जाळ्याची पट्टी दिसली तर साल खाणारी अळी आहे असं समजा. जाळं ब्रशने झाडून भोकात रॉकेलचा बोळा घालायचा आणि वर ओल्या मातीने लिंपायचं.

फळ झाडावरच पिकू द्या. पेरूसारखं पिवळसर झालं की काढून ठेवलं, असं इथे चालत नाही. तोडल्यावर ते गोड होत नाही. देठापर्यंत नारिंगी झालं की देठासकट कात्रीने कापायचं, ओढायचं नाही. सकाळी बोट दाबलं असेल तिथे संध्याकाळी तपकिरी डाग असतो. पुण्याच्या मंडईत ते क्वचितच दिसतं ते ह्याचमुळे. इतक्या नाजूक कातडीला इतका लांबचा ट्रक सोसत नाही.

"आमच्याकडे येईल का?" हे नेहमी त्यामागोमाग येतं. पुण्याची आणि देहरादूनची उंची फारशी वेगळी नाही, साधारण 560 आणि 640 मीटर. पण आम्ही बरेच उत्तरेला, आमची थंडी लांब आणि खरी. उष्ण प्रदेशात हे झाड साधारण नऊशे मीटरच्या वर सुखाने फळतं. म्हणून पाचगणीसारख्या ठिकाणी, निचऱ्याची जमीन असेल तर, मी नक्की लावा म्हणेन. पुण्या-नाशकात कलम लावा, पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा द्या आणि आशा ठेवा. मुंबई-रत्नागिरीत फळाची आशा मनात न धरता नुसत्या पानांसाठी लावणार असाल, तर तेवढ्यासाठीसुद्धा ते लावण्यासारखं आहे.

सध्या परसात भिंतीच्या सावलीत गेल्या वैशाखात पेरलेली सात रोपं आहेत. त्यांतली चार पेन्सिलीएवढी जाड झाली आहेत. आषाढात त्यांना 'गोल्डन यलो'वर बांधीन, दसऱ्याला सुटतील. दिवाळीनंतर इकडे येणारं कुणी असेल तर आधी कळवा, आणि गाडीत कुंडी उभी राहील एवढी जागा ठेवून या.