सिलिकॉनमधली माती

लघवीच्या कॅथेटरवर जिवाणूंचा चिकट थर धरतो, हे वॉर्डातली कुठलीही सिस्टर सांगेल. कॅथेटरच्या सिलिकॉनमध्येच क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक मिसळावं, असं पटकन सुचतं. पण नुसतं मिसळलं की पृष्ठभागाजवळचं औषध सुरुवातीलाच भसकन निघून जातं, आतलं तिथेच अडकतं. कॅथेटर मात्र कित्येक आठवडे आत राहू शकतो.

म्हणून मला मॉन्टमोरिलोनाइट इतकं आवडतं. कच्छच्या बेंटोनाइट या मातीमधलं हे मुख्य खनिज. पापुद्रे जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे, ऋणभारित. मधे सोडियमचे आयन. क्लोरहेक्सिडिन धनभारित, त्यामुळे पाण्यात ढवळलं की ते सोडियमला हुसकावून पापुद्र्यांत शिरतं. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या चाचणीत, पहिलं शिखर कमी कोनाकडे सरकलेलं दिसलं, म्हणजेच पापुद्र्यांमधलं अंतर वाढलं, की मला खरंच आनंद होतो! पुढे लघवीतले क्षार या मातीपर्यंत पोचले की उलटी अदलाबदल होते आणि औषध थोडं थोडं सुटतं.

खरी कटकट ही औषध भरलेली माती सिलिकॉनमध्ये मिसळण्यात. गुठळ्या राहिल्या तर ताणल्यावर रबर तिथेच फाटतं. शिवाय प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर जमणाऱ्या सिलिकॉनला अमाइन, म्हणजे क्लोरहेक्सिडिनमध्ये असतात तसे नायट्रोजनचे गट, सोसत नाहीत. उत्प्रेरक निकामी होतो, रबर चिकटच राहतं. त्यामुळे चाचणीचे तुकडे मी सध्या टिनच्या उत्प्रेरकावर करते.