पेरणी यंत्राखालचं तण एवढं गर्द का असतं?

श्रावण सरता सरता कोठ्यामागं जाऊन पाहा. ट्रॉली, रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, पेरणी यंत्र सगळं ओळीनं उभं आणि भोवती गाजरगवत नि तरोटा. त्यातही पेरणी यंत्राखालचा पट्टा लांबूनच ओळखू येतो. तो सगळ्यांत गर्द, कमरेला लागेल एवढा. पेरणी आटोपली की यंत्र तसंच आणून लावतात. खताच्या पेटीत किलो-दोन किलो डीएपी उरलेलं असतं. ते ओल धरतं, विरघळतं आणि नळ्यांतून खाली उतरतं. पिकाचं खत तण खातं आणि पेटीत राहिलेलं खत पत्रा खातं.

अवजारांभोवतीचं बरंचसं तण असं आपणच आणून सोडतो. रोटाव्हेटरच्या पात्यांत हरळीच्या कांड्या नि लव्हाळ्याच्या गाठी गुंडाळलेल्या असतात. मळणी यंत्राच्या चाळणीखाली तणाचं बी साठलेलं असतं. म्हणून अवजार उभं करण्याआधी धुऱ्यावरच झटकायचं. खताची पेटी रिकामी करून पाण्यानं धुवायची आणि उन्हात कोरडी करायची. रोटाव्हेटरची पाती साफ करताना ट्रॅक्टर बंद आणि किल्ली खिशात हवी. शाफ्टच्या दोन्ही टोकांना बेअरिंगपाशी गुंडाळलेले धागे विळ्यानं कापून काढा. तिथं अडकलेली सुतळी नि कांड्या सील फाडतात आणि मग पाणी आत शिरतं. या कामाला अर्धा तास लागतो, पण हाच अर्धा तास सगळे चुकवतात.

दुसरी गोष्ट जागेची. काळ्या भारी जमिनीवर अवजार ठेवलं की पावसात ते रुततं, जमीन चार-चार दिवस ओली राहते आणि तण तिथंच माजतं. रोहिणी लागायच्या आत मुरूम टाकून घ्यावा. २० बाय ३० फुटांची जागा धरली तर ६०० चौरस फूट होतात. त्यावर ६ इंच थर म्हणजे ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास. मुरूम दबल्यावर बसतो, म्हणून पावणेचार-चार ब्रास मागवा. आधी वरची २-३ इंच माती फावड्यानं खरडून बाहेर टाका, कारण बियांचा साठा तिथंच असतो. एका बाजूला थोडा उतार द्या. मुरमाखाली खताची रिकामी विणलेली पोती उसवून अंथरली तर तण बरंच दबतं. पोत्यांतून पाणी झिरपतं, पण बहुतेक कोंब वर येत नाहीत. जोड किमान ९ इंच एकमेकांवर चढवा, नाहीतर फटीतून गवत डोकावतं. पोतं मुरमाखाली पुरतं झाकलेलं हवं. उन्हात पडलेलं पोतं वर्षभरात भुगा होतं आणि ते धागे पुन्हा पात्यांत अडकतात.

सोयाबीनचं कुटार अंथरण्याचा मोह मात्र टाळा. शेतात ते आच्छादन म्हणून चांगलं, पण अवजाराखाली ओल धरतं, उंदीर बोलावतं आणि उधईला घर देतं. उंदीर आले की ट्रॅक्टरचं वायरिंग कुरतडतात आणि उंदरामागं साप येतो. घोणस नि मण्यार गवतात दिसत नाहीत, उघड्या मुरमावर पटकन दिसतात. मुरमाचा हा फायदा कोणी हिशेबात धरत नाही.

हरळी मुरमाला भीक घालत नाही. ती वरून नाही, कडेनं सरपटत येते. म्हणून जागेभोवती वीतभर रुंद आणि तेवढाच खोल चर ठेवा आणि पोळ्यापर्यंत दोनदा साफ करा. लव्हाळा उपटला तर गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटतो. तो खुरप्यानं गाठीसकट काढावा लागतो. गाजरगवत मात्र पाऊस झाल्यावर सहज उपटतं, फक्त फुलावर येण्याआधी आणि हातमोजे घालून. एका झाडाचं हजारो बी पडतं आणि अंगाला खाज सुटते ती वेगळी.

पहिल्या चांगल्या पावसानंतर १५-२० दिवसांनी पहिलं निंदण करा. तण चार पानांचं असतं तेव्हा दोन बायांचं अर्ध्या दिवसाचं काम असतं. महिनाभर उशीर केला की तेच दोन दिवसांवर जातं. दोन अवजारांत ४ फूट अंतर सोडा. अवजार विटांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवा, आणि ठोकळ्याखाली फरशीचा तुकडा घाला, नाहीतर काळ्या मातीत ठोकळाच रुततो. खालून विळ्याचा हात फिरला पाहिजे.

ब्रश कटर असेल तर अवजाराजवळ लोखंडी पातं नको, नायलॉन दोरी लावा. ती दोरीही निरुपद्रवी नाही. टायरच्या रबरी व्हॉल्व्हवर, वायरवर किंवा हायड्रॉलिक पाइपावर बसली तर कापते. चाकाभोवतालचा हातभर पट्टा विळ्यानंच काढा. चष्मा लावा आणि पोरांना लांब ठेवा, कारण मुरमाचे खडे गोळीसारखे उडतात.

तणनाशकाबद्दल दोन शब्द. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच (म्हणजे कीड नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांकडूनच) व्हावी असा आदेश काढला. ते गढूळ पाण्यात कालवलं तर चिकणमातीच्या कणांना चिकटून निकामी होतं, त्यामुळं नाल्याच्या पाण्यातल्या फवारणीनं गवत जळत नाही आणि लोक मात्रा वाढवत बसतात. जस्ताच्या किंवा साध्या लोखंडी भांड्यात ते कालवू नये, धातूशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. अवजाराच्या पत्र्यावरही उडू देऊ नका. पॅराक्वॅट फक्त हिरवा भाग जाळतो, मूळ जिवंत राहतं, आणि ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. २,४-डीचा तुषार वाऱ्यानं शेजारच्या पऱ्हाटीवर गेला की पानं आखडून बोटांसारखी लांबट होतात. कपाशीला ते अतिशय बाधतं. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा, नुसता धुऊन पुन्हा कीटकनाशकाला वापरू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, ते आठवून तरी मोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. इतक्या लहान जागेसाठी तणनाशकाची गरजही पडू नये.

मीठ टाकून तण मारायचा सल्ला सर्रास मिळतो. लोखंडाशेजारी मीठ म्हणजे गंजाला आमंत्रण. जळकं ऑइल जमिनीवर ओतणंही बंद करा. टायर नि बेल्टचं रबर त्यानं फुगतं आणि दिवाळीनंतर वाळलेल्या गवताला ठिणगी लागली की भडका. तेच ऑइल नांगराच्या फाळाला आणि रोटाव्हेटरच्या पात्यांना ब्रशनं पातळ चोपडा.

ऑक्टोबरमध्ये हरभऱ्यासाठी पेरणी यंत्र बाहेर काढाल तेव्हा आधी काठी आपटून मग हात घाला. बियाण्याच्या नळ्यांत कुंभारमाशी मातीचं घर करते आणि ते बाहेरून दिसत नाही. प्रत्येक नळीतून जाड तार फिरवा. मग चाक उचलून हातानं चार फेरे द्या आणि पेटीत टाकलेला ओंजळभर हरभरा प्रत्येक दात्यातून सारखा पडतो का ते पाहा. पुढच्या वेळी यंत्र उभं करताना नळ्यांच्या तोंडांना कापडाचा बोळा बसवला की ही कटकट वाचते.