मोटर शिकली, पण भलतंच

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये त्या दिवशी पेढे आणायचेच काय ते बाकी होते. आदल्या रात्री चाचणीच्या बेंचवर स्कूटरच्या मोटरची टॉर्कची, म्हणजे फिरवणाऱ्या जोराची, रेघ इतकी सपाट आली होती की मी स्क्रीनचा फोटो घरच्यांनाही दाखवला. सकाळी तीच मोटर गाडीत बसवली. चालवणारा दादा अर्ध्या रॅम्पवरून परत आला. "मॅडम, आधी नुसती थरथरायची. आता डुलायला लागली."

थरथर जुनीच. रोटरची, म्हणजे फिरत्या भागाची, चुंबकं स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, दातांना ओढत राहतात. आमची मोटर १२ स्लॉट (दातांमधल्या खाचा), १० पोलची (चुंबकांचे ध्रुव), म्हणजे एका फेऱ्यात ६० हिसके. दोन्ही आकड्यांचा लसावि. वेगात ते जडत्वात विरतात, पण सिग्नलला गाडी हळूहळू पुढे घेताना पायाला बरोब्बर कळतात. म्हणून मोटरला करंट देणाऱ्या कंट्रोलरला शिकवायचं ठरलं. रोटरच्या कोनानुसार ५१२ घरांचा तक्ता. कुठल्या कोनाला टॉर्क किती चुकला ते त्या घरात टिपायचं आणि पुढच्या फेऱ्यात करंट तेवढा थोडाथोडा सुधारत न्यायचा. सुगुरू आरिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये रोबोटसाठी मांडलेली ही पद्धत. पाढे घोकून घेण्यासारखीच, फक्त पोर कंटाळत नाही.

दुपारी तक्ता उघडून, त्यात फेऱ्याला किती वेळा येणारी दुरुस्ती किती मोठी आहे त्याचा आलेख काढून बसले. शिकवणी ६० आरपीएमला झाली होती. सेकंदाला एक फेरा, त्यामुळे आलेखावरचे हर्ट्झ म्हणजे थेट फेऱ्यातले हिसके. ६० वर काठी होती, ती दातांची. ३० वर होती, ती बॅक-ईएमएफ, म्हणजे फिरताना मोटरमध्येच तयार होणारा व्होल्टेज, शुद्ध साइन लाटेसारखा नसल्याची. ५ वर होती, ती करंट सेन्सरच्या ऑफसेटची, म्हणजे त्याचं शून्यच थोडं सरकलेलं असल्याची. सगळी ओळखीची मंडळी. पण सगळ्यात उंच काठी १ वर होती आणि तिच्या शेजारी २ वर एक धाकटी. फेऱ्याला एकदाच येणारं एवढं मोठं या मोटरमध्ये काय असणार? तासभर मी रोटरला दोष दिला, मग स्वतःच्या कोडला.

शेडमधले मामा डबा धुऊन आले. आलेखाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "मॅडम, मोटरखालचे शिम कोणी लावलेत?"

शिम म्हणजे मोटर नीट रेषेत बसवायला खाली सरकवायच्या पातळ पट्ट्या. त्या मीच लावल्या होत्या, संध्याकाळच्या घाईत.

आम्ही मोटर परत बेंचवर चढवली, शिम तेच ठेवून. मामांनी मोटरच्या शाफ्टला डायल (बारीक अंतर मोजणारं सुईचं घड्याळ) बांधली, टीप बेंचवरच्या टॉर्क सेन्सरच्या फ्लँजवर, म्हणजे गोल कडेवर, टेकवली आणि हाताने एक फेरा दिला. सुई अठरा रेघा सरकली. ०.१८ मिमी! मोटर आणि सेन्सरला जोडणारं कपलिंग तिरपं ओढत होतं, सेन्सरवर दर फेऱ्याला आडवा भार येत होता, आणि कंट्रोलर तो मोटरचा दोष समजून इमानेइतबारे भरून काढत होता. बेंचवर रेघ सपाट दिसणारच. गाडीत ते कपलिंगच नाही, पण भरपाई मात्र चालूच.

शिम बदलले, सुई दोन रेघांत आणली, तक्ता पुसून शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. १ वरची काठी जवळपास दिसेनाशी झाली. संध्याकाळी दादा रॅम्प चढून वर गेला, तिथेच थांबून फोनवर बोलत बसला. मी खाली ताटकळत उभी.

५ वरची थोडी उरलीच आहे. कंट्रोलर तापला की सेन्सरचा ऑफसेट सरकतो आणि थंडपणी घोकलेला तक्ता तिथे कमी पडतो. सध्या गरम कंट्रोलरसाठी वेगळा तक्ता करतेय. डायल मात्र आता माझ्याच टेबलावर असते.