चारी दिशांना अक्षता

शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५. श्रावण शुद्ध अष्टमी.
लोकमान्य नगर, इंदूर. रात्रीचे पावणेअकरा.

आज नर्मदा यायचा दिवस होता. बाहेरगावच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, पण इंदुरात नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. आमच्याकडे एक दिवसाआड. सकाळी सहाच्या सुमारास मोरीतला नळ आधी नुसता फुसफुसतो, मग दोन उचक्या देतो, मग धार लागते. लगेच देवघराजवळच्या खुर्चीतून आईंची हाक येते, “नर्मदा आली गं!” दारात माहेरवाशीण उभी असावी तशी. पहिला तांब्या देवाचा, पिंप त्यानंतर. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा क्रम मी कधी मोडलेला पाहिला नाही.

जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून हे पाणी १९७८ साली पहिल्यांदा शहरात आलं. आई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या, हे सात वर्षांचे. आमच्या गल्लीत धार आली त्या दिवशी आईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यांतल्या हंड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांनाच त्या हळदकुंकवाचा अर्थ कळतो. आजही श्रावणात नर्मदा आली की त्या खुर्चीतून उठतात, एका हाताने भिंत धरून मोरीपर्यंत येतात, ओल्या तोटीला कुंकवाचं बोट लावतात. आज मी तिथेच उभी होते. ते बोट थरथरत होतं, त्यामुळे टिकली गोल न उमटता लांबट उमटली. पुसून नीट लावू का, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. तीच छान दिसत होती.

यंदा श्रावण सुरूच शुक्रवारी झाला, २५ जुलैला. आमच्या गल्लीत श्रावण दोनदा येतो. समोरच्या भाभींचा सावन ११ जुलैलाच लागला होता, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. आमच्याकडे आषाढ चालू असताना त्यांचे सोमवार सुरू झालेले असतात, आणि आपले अजून चालू असताना त्यांचा भादवा लागतो. शुक्ल पक्ष तेवढा दोघींचा एकच, म्हणून नागपंचमी एकत्र, राखी एकत्र. लहानपणी मला वाटायचं, यात कुणाचं तरी चुकत असणार. आता वाटतं, सणांचा महिना दीड महिना पुरतो, याहून चांगलं काय हवं.

दिव्याच्या अवसेला समया, निरांजनं घासली आणि त्याच संध्याकाळी जिवतीचा कागद भिंतीला लावला. तो मी खजुरी बाजारातून आणते. वर नरसिंह, खाली कालियावर नाचणारा कृष्ण, मग मुलांना खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका, तळाशी हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. छपाई साधीच आहे, कृष्णाचा निळा रंग रेघेबाहेर गेलाय. पण या कागदासमोर उभी राहिले की मला सगळ्यात आधी जराच दिसते. मगधातली ती राक्षसीण. टाकून दिलेल्या मुलाची दोन शकलं तिने जोडली आणि मूल रडू लागलं, म्हणून तो जरासंध. आपल्या आयाबायांनी बाळांची राखण करायला राक्षसीण निवडली. तिच्या हातून एक मूल जगलं, तेवढी ओळख त्यांना पुरली. हे मला फार मोठं वाटतं. कुठल्याही प्रवचनात मी हे ऐकलेलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र ते दरवर्षी लागतं.

आज शाळेतून अर्धी रजा घेतली. मागच्या शुक्रवारी घाईत पूजा उरकली होती, ते आठवडाभर मनाला लागून राहिलं. आई काही बोलल्या नाहीत. न बोलण्याचंच जास्त लागतं.

डाळ सकाळीच भिजवली होती. यंदा पहिल्यांदा पुरण पूर्ण माझ्या हातचं. आईंच्या मनगटात आता जोर नाही. त्या खुर्ची ओढून ओट्याशी बसल्या आणि तिथून सांगत राहिल्या. डाळ बोटाने मोडली पाहिजे पण फुटली नको. कटाचं पाणी आधी काढ, मग गूळ घाल. गूळ घातला की पुरण आधी सैल होतं, तेव्हा घाबरू नकोस, हलवत राहा. सगळं मला माहीत आहे, तीस वर्षांत कितीदा तरी केलंय, तरी मी “हो आई, बरं आई” म्हणत राहिले. ते ऐकणं हासुद्धा स्वयंपाकाचाच भाग होता. उलथनं पुरणात उभं राहिलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. जायफळ मात्र स्वतः किसलं. सगळ्या घराला वास सुटला. बाहेर पावसाची रिपरिप, आत जायफळ, आणि यांचं दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला येणं.

ओवाळायचे पाच दिवे पुरणाचेच. ते आईंनी केले. लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने मधोमध दाबून वाटी करायची, कडेला चिमटा काढून वातीला जागा द्यायची. अंगठा थरथरतो म्हणून दिव्यांच्या कडा लाटांसारख्या झाल्या. मी केलेले दिवे साच्यातून काढल्यासारखे येतात. आज ताटात हे पाच दिवे पाहिले आणि वाटलं, ज्या अंगठ्याने यांच्या लहानपणी काजळ घातलं, तोच हा अंगठा. तेवढ्या एका विचाराने माझा सगळा शीण गेला.

पूजेला बसण्याआधी हातातल्या हिरव्या बांगड्या काढून ठेवल्या. जिवतीला हिरवं चालत नाही. त्याचं कारण कहाणीत आहे आणि कहाणी आईंना तोंडपाठ. राजाला मूल हवं असतं, सुईण एका गरीब ब्राह्मणीचं बाळ पळवून त्याच्या राणीला देते आणि तिच्याजवळ वरवंटा ठेवते. त्या आईला ते खरं वाटत नाही. ती दर शुक्रवारी जिवतीची पूजा करते, जिथं माझं बाळ असेल तिथं खुशाल असो म्हणून अक्षता टाकते आणि त्या अक्षता जाऊन त्या मुलाच्या डोक्यावर पडतात. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या सोडते. कारल्याच्या मांडवाखालून जात नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही. एवढीशी पथ्यं. मूल आहे की नाही हेही तिला ठाऊक नाही आणि ती पथ्यं सांभाळते आहे. “साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण” म्हणताना आईंचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, पण हात जोडलेले बराच वेळ तसेच राहिले.

आमचा मुलगा दोन वर्षांपासून बंगळूरला आहे. तो घरी होता तोवर अक्षतांचा प्रश्नच नव्हता. पाटावर बसवायचं, ओवाळायचं, चणे-फुटाणे हातावर ठेवायचे. तो गेल्यापासून मी अक्षता दक्षिणेकडे टाकते. पहिल्या वर्षी यांनी फोनमधलं होकायंत्र उघडून दिशा दाखवली होती, मागच्या गॅलरीची. आजही मी तिकडे वळले, तेव्हा आई म्हणाल्या, “एकीकडेच का गं? चारी दिशांना टाक.”

मी म्हटलं, “आई, तो दक्षिणेलाच आहे.”

“आत्ता आहे. उद्या कामासाठी कुठे जाईल, तुला थोडंच विचारून जाणार? हा जबलपूरला नोकरीला होता, घरात फोन नव्हता. पत्र आठ दिवसांनी यायचं, म्हणजे त्यातली खुशालीही आठ दिवसांची शिळी. मी आपली चारी दिशांना टाकायची.” मग थोड्या वेळाने, “आणि मुलं काय आपलीच असतात का.”

मी आधी गॅलरीतून दक्षिणेला टाकल्या, पश्चिमेला खिडकीतून, उत्तरेला देवघरावरून. पूर्वेला आमचं दार आणि पुढे जिना. दार उघडून टाकल्या आणि समोर वरच्या खोलीतला मुलगा. पाण्याची बाटली भरायला खाली येत होता. अक्षता त्याच्या पायाशी दोन पायऱ्यांवर पसरल्या, चार दाणे खांद्यावरही पडले. त्याने एक पाऊल उचलून तसंच धरलं आणि विचारलं, “आंटीजी, इस पर पैर कैसे रखूँ?”

तो शहडोलकडचा. राज्यसेवेची तयारी करतो, भंवरकुआला क्लासला जातो, उरलेला वेळ खोलीत दिवा लावून बसलेला असतो. एप्रिलपासून वर राहतो आहे आणि आजवर त्याचं-आमचं बोलणं भाडं आणि मोटर यापलीकडे गेलं नव्हतं. आतून आईंनी विचारलं, “कोण आहे गं?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग बाहेर का उभा केलायस? पाटावर बसव.”

तो बसला. शर्टाची वरची गुंडी लावली, केस हाताने सारखे केले. आईंनी उभं राहायचा हट्ट धरला. ताट दोघींनी धरलं, एका बाजूने त्यांचा हात, एका बाजूने माझा. पाच ज्योती हलत होत्या, त्यामुळे त्याच्या चष्म्यात दहा दिसत होत्या. ओवाळून झाल्यावर तो वाकून आईंच्या पाया पडला आणि म्हणाला की त्याची आईही त्याच्यासाठी उपास करते, हलछठचा. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही. तळ्याकाठी आपोआप उगवणारा पसहीचा तांदूळ खायचा, दूध-दहीसुद्धा म्हशीचंच. त्यांच्याकडे तो भादव्यात येतो. मी मनाशी मोजलं. त्यांचा भादवा वद्य म्हणजे आपला श्रावण वद्य. म्हणजे याच श्रावणात, अजून दोन आठवड्यांनी, त्याची आई तिकडे उपाशी असणार आणि माझ्यासारखीच एका दिशेकडे पाहत असणार. तिच्या हिशोबात ती दिशा पश्चिम, आणि पश्चिमेला आमचं घर.

चार पोळ्या खाल्ल्या त्याने. तूप नको नको म्हणत दोनदा घेतलं. कटाच्या आमटीला “ये दाल बहुत अलग है” म्हणाला आणि वाटी तोंडाला लावली. हे त्याच्या शेजारी बसून जबलपूरच्या दिवसांबद्दल बोलत होते. ते सगळं यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. खानावळीतली डाळ, सुटीच्या दिवशी कोरडी वाटणारी खोली, आईची पत्रं उशीखाली ठेवणं. आई ऐकत होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, नुसतं पान वाढायचं ताट पुढे सरकवलं, अजून एक पोळी वाढ म्हणून.

रात्री नऊला मुलाचा फोन आला. व्हिडिओवर आईंनी त्याला पाचही दिवे दाखवले, एकेक करून, आणि त्याने स्क्रीनपुढे डोकं वाकवलं तेव्हा फोनलाच कुंकू लावलं. तो हसत नव्हता. थांबा, नीट बसतो, म्हणून खरंच मांडी घालून बसला. मग म्हणाला, पुढच्या शुक्रवारी घरमालकिणीने जेवायला बोलावलंय, त्यांच्याकडे वरमहालक्ष्मी असते. “आई, त्या होळिगे करतात. आपली पुरणपोळीच गं, फक्त पातळ. म्हणाल्या, यायचंच, घरची मुलं लांब असली की आमच्याकडच्या पानावर बसायचं.”

आई फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, “बघ.” दुसरं काही नाही.

त्या बाईंना मी ओळखत नाही. त्यांची भाषा मला येत नाही. पण आठ तारखेच्या शुक्रवारी मी दक्षिणेला अक्षता टाकीन, तेव्हा त्यांच्या घरातल्या मुलांसाठीही टाकीन. मुलं आहेत का, कुठे आहेत, हे मुलाला विचारून घ्यायला हवं. नाहीतर राहू दे, चारी दिशांना टाकतेच आहे.

आत्ता हे लिहिताना घर शांत आहे. हे झोपले. आईंच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे, जपमाळेचे मणी सरकल्याचा आवाज येतो. जिन्यावरच्या अक्षता मी झाडल्या नाहीत. रात्री वर जाताना त्या मुलाने प्रत्येक पायरीवर कडेकडेने पाऊल टाकलेलं मी दाराच्या फटीतून पाहिलं. सकाळी गोळा करून तुळशीत घालीन, कचरागाडी यायच्या आधी.

उद्या शनिवार, नरसिंहाची पूजा. गेजवस्त्राला कापूस आहे. आघाडा मागच्या भिंतीलगत उगवलाय, पण पावसात तिकडे निसरडं झालंय. वरच्या मुलाला सांगावं म्हणते. तो आणून देईल.