चौथ्या दिवशी चटचट थांबली

थांबली! मागच्या वेळी जिचं रडगाणं गायलो होतो ती माझ्या एअर प्युरिफायरमधली चटचट काल रात्री एकदाची थांबली. नवा सेल (विजेच्या जोरावर हवेतली धूळ खेचून घेणारा, धुता येणारा प्लेटांचा डबा) घ्यायचा बेत तूर्तास रद्द.

सेल धुऊन बसवल्यापासून दर दोन-तीन सेकंदांनी चट् करून ठिणगी पडायची. आधी वाटलं ओल असेल, म्हणून दोन दिवस पंख्यासमोर ठेवला. तेच. मग प्लेटांवर संशय. मागून टॉर्च धरून एकेक फट पाहिली. एक प्लेट किंचित वाकली होती, ती आइस्क्रीमच्या लाकडी काडीने सरळ केली (पक्कड अजिबात नको, पत्रा फार मऊ असतो). तरी तेच. आयनायझरच्या (प्लेटांआधी धुळीला विद्युतभार देणाऱ्या भागाच्या) तारा सगळ्या शाबूत. मल्टीमीटर लावला, तर शॉर्ट कुठेच नाही, आणि इथेच फसलो. मीटर तपासणार त्याच्या इवल्याशा बॅटरीवर, सेल चालणार हजारो व्होल्टवर. विजेची असली गळती त्याला दिसणार कशी?

शेवटी दिवे बंद केले. झाकण लावलेलंच होतं (सेफ्टी स्विच दाबून सेल उघड्यावर चालवायचा आगाऊपणा कुणी करू नका). मागच्या जाळीतून बघत बसलो. डोळे अंधाराला सरावले तेव्हा कळलं, निळी ठिणगी दर वेळी एकाच जागी, खालच्या डाव्या इन्सुलेटरपाशी (वीज अडवणारा, प्लेटांना धरून ठेवणारा तुकडा). प्लग काढला, जरा थांबलो, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने प्लेटा डिस्चार्ज केल्या (साठलेली वीज काढून टाकली) आणि सेल उलटा केला. इन्सुलेटरच्या पोटाला पेन्सिलीने ओढावी तशी केसाएवढी काळी रेघ, टोकाला मुळांसारखे फाटे. कार्बन ट्रॅक! म्हणजे ठिणग्यांनी जळून झालेली, वीज वाहून नेणारी कोळशाची रेघ.

ब्लेडने खरवडली, बारीक पॉलिश पेपर फिरवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. बसवला. शांत. पाच मिनिटं कान देऊन ऐकत होतो, घरचे हसत होते.

दोष माझाच. वाळवताना सेल दर वेळी त्याच बाजूवर उभा करायचो. साबणाचं, क्षाराचं पाणी ओघळून तिथेच साचायचं, त्याचा थर दमट हवेत ओल धरायचा आणि विजेला आयती वाट. विक्रेता मात्र फोनवरच सांगून मोकळा, 'सेल बदला.' आणि एसी कॉइल धुवायच्या अल्कलाइन स्प्रेने सेल साफ करण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे: मळ झटकन निघतो, पण अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं. गरम पाणी, सौम्य डिटर्जंट, अर्धा तास भिजवणं, बस्स.

पुढच्या वेळी शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरायचं आणि सेल तिरका टेकवायचा, असं ठरवलं होतं. पण लिहितानाच सुचतंय, तारांची बाजू वर करून आडवाच ठेवला तर? माझ्या सेलचे चारही इन्सुलेटर कडेला आहेत, एकही तळाशी येणार नाही. आधी हेच करून बघतो.

ठिणग्यांमुळे येणारा ओझोन वायूचा तिखट वासही बराच कमी झालाय. पहाटे एकदाच चट् झालं. सकाळी बघतो तर प्लेटांमध्ये डास. म्हणजे प्री-फिल्टरची (सेलच्या आधी मोठा कचरा अडवणारी) जाळी कुठेतरी फाटलीय.