तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रोकोली मातीत लावायची की पाण्यावर?

‘गड्डा मोठा कशात येतो, मातीत की हायड्रोपोनिक्समध्ये?’ हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदाचं सगळं लिहून काढलंय.

दोन्हींत येतो. आणि दोन्हींत फसतो, बहुतेकदा एकाच कारणानं. त्या कारणाबद्दल, म्हणजे लावायच्या रोपाबद्दल, मात्र कुणी विचारत नाही. विचारतात ते खत कुठलं आणि पंप केवढा.

ट्रेमधलं रोप उपटून हातात घ्या. बी पेरून २५ ते ३० दिवस झालेत, चार-पाच पानं आहेत, मुळं पांढरी आहेत आणि कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुशाला) धरून अख्खी बाहेर येतात. हे लावायचं रोप. तेच आणखी पंधरा दिवस ट्रेमध्ये राहिलं, तर खालची पानं पिवळट-जांभळी पडतात, दांडा काडीसारखा कडक होतो आणि मुळं कप्प्याच्या तळाशी गोल गोल फिरून तपकिरी होतात. वरून रोप काटक दिसतं, म्हणून लोक तेच आधी उचलतात. पण उपासमार झालेलं रोप शेंड्याला पान काढायचं सोडून कळ्या धरतं. शेंडा एकदा कळीवर गेला की त्यावर नवं पान येत नाही. वीसेक पानांनी पोसायचा गड्डा आठ पानांवर पडतो आणि बटणाएवढाच राहतो. कोवळ्या रोपाला आठवडा-दोन आठवडे १० अंशांखालची थंडी लागली तरी हेच होतं. अशा रोपाला नत्र वाढवून द्या, असं मीही पूर्वी सांगितलेलं आहे. ती साफ चूक होती. पानंच नाहीत तर ते नत्र कशाला लागणार? असं रोप टाकून द्यावं. जीव तुटतो, पण टाकावं.

आता मातीचं. पीएच ६ ते ७, चौरस मीटरला दोन-तीन किलो कुजलेलं शेणखत, रोपांत ४५ सेंमी अंतर. निम्मं नत्र लावताना, उरलेलं महिन्याभरात दोन हप्त्यांत. बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी असेल तर चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स (बोरॉनचा क्षार) पाण्यात विरघळवून द्यायचं, चिमूटभर जास्त नको, पानांच्या कडा जळतात. माती फार आम्ल असेल तर मॉलिब्डेनम हे दुसरं सूक्ष्म अन्नद्रव्य मिळत नाही आणि पानाची नुसती मधली शीर उरते.

पाण्यावर लावणार असाल तर एनएफटीचा, म्हणजे तळाशी पाण्याचा पातळ थर वाहता ठेवायचा, अरुंद पाइप नको. ते लेट्यूसला ठीक. ब्रोकोलीची मुळं पाइप तुंबवतात आणि गड्डा भरला की झाड कलंडतं. १२ ते १५ लिटरची डच बकेट (खतपाणी सोडायची, निचरा होणारी बादली) घ्या, त्यात पेरलाइट (फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) आणि कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून धुतलेलं कोकोपीट. वीज गेली तरी ही बकेट काही तास ओल धरते. पीएच ६ ते ६.५. ईसी, म्हणजे द्रावणात क्षार किती त्याचं माप (मिलिसीमेन्स प्रति सेंमी), रोपाला १.२, वाढीत २, गड्डा धरताना २.५ ते ३. कॅल्शियम नायट्रेटचं दाट द्रावण सल्फेट-फॉस्फेटच्या टाकीत कधीही ओतू नका, तळाशी पांढरा साका बसतो आणि ते अन्न वायाच जातं. टाकीचं पाणी दुपारी मोजा. २५ अंशांवर गेलं की प्राणवायू घटतो, मुळं बुळबुळीत होतात.

आणि हवा? गड्ड्याला १५ ते २० अंश लागतात. २७ च्या वर गेलं की गड्ड्यातून पानं डोकावतात, कळ्या पिवळ्या पडतात. पाणी थंड ठेवल्यानं मुळं वाचतात, वरचा गड्डा नाही.

पोकळ दांड्याचं मात्र माझं अजून ठरत नाही. बोरॉनची कमतरता, हे उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलं. पण द्रावणात बोरॉन बरोबर असूनही दांडा पोकळ निघतोच. कापून बघा: पोकळीची भिंत तपकिरी, खरखरीत असेल तर बोरॉनकडे बघावं. पांढरी स्वच्छ असेल तर झाड नत्रावर फार झपाट्यानं वाढलंय. अंतर ४५ चं ३५ केलं, नत्र थोडं आवरलं, की पोकळी कमी होते, पण गड्डाही लहान होतो. आणि तुमचा प्रश्न तर मोठ्या गड्ड्याचा होता.